लेग स्टम्पाच्या बाहेर

दर्यापूरच्या बाजारओळीत इनायतुल्लाचं गादीघर होतं. बाप खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी टाकून गावोगाव फिरायचा. इनायतुल्लानं पिंजायचं यंत्र घेतलं आणि दुकान टाकलं. पण एका जागी बसणं काही त्याला जमलं नाही. रविवार आला की पांढरा कोट पिशवीत कोंबायचा आणि अकोट, अंजनगाव, मूर्तिजापूर, जिथं टुर्नामेंट असेल तिथं जीपला लटकून जायचा. दिवसभर उन्हात उभं राहून अंपायरिंग करायचं, चहा प्यायचा, संध्याकाळी मानाचा एक नारळ घेऊन घरी यायचं. यात तो खूश होता.

हौसेपायी उभा राहणारा तो अंपायर नव्हता. अमरावतीला जाऊन त्यानं रीतसर परीक्षा दिली होती. पहिल्यांदा तोंडीत नापास झाला, कारण इंग्रजीतला प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या खेपेला बायकोनं, नईमानं, मनावर घेतलं. ती दहावी शिकलेली, इंग्रजी अक्षर लावता यायचं. गादीला टाके घालता घालता ती नियमांचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवायची आणि विचारायची, "छत्तीस?" इनायतुल्ला कापूस पिंजत ओरडून उत्तर द्यायचा. छत्तिसावा नियम पायचीतचा. सहा महिन्यांत पुस्तक दोघांचंही पाठ झालं.

एवढं असून गावच्याच टुर्नामेंटनं तीन वर्षांपासून त्याला बोलावणं बंद केलं होतं. फायनलमध्ये त्यानं एका मोठ्या घरच्या भाच्याला धावबाद दिलं, लोक मैदानात घुसले, कोटाची बाही फाटली. इनायतुल्लानं निर्णय काही फिरवला नाही. पुढच्या वर्षी दुसराच अंपायर आला.

ही गोष्ट आहे दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. कपाशीला भाव नव्हता. लग्नालासुद्धा लोक नव्या गाद्या करत नव्हते. जुन्याच उसवायच्या, पुन्हा पिंजायच्या, वर नवी खोळ चढवायची. त्या हिवाळ्यात एका कसोटीचा पाचवा दिवस होता. दुकानातल्या टीव्हीसमोर नेहमीची मंडळी जमली होती. पुढच्या गादीवर शेषराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गावच्या टुर्नामेंटच्या कमिटीत त्यांचा शब्द चालायचा. शेजारी नत्थुजी. ते जवळच्या खेड्यातले, मुलीच्या, दामिनीच्या लग्नासाठी दोन जुन्या गाद्या पिंजायला घेऊन आलेले. गाद्या कधीच्या भरून झाल्या होत्या, पण माणूस उठत नव्हता.

समोरच्या संघाचे दोघं फलंदाज सामना वाचवायला चिकटून बसले होते. आपला डावखुरा फिरकीवाला ओव्हर द विकेट टाकत होता.

"बरोबर करून राहिला," शेषराव म्हणाले. "लेग स्टम्पाच्या बाहेर माती उखडली हाये. तिथंच टाकत राहा. एखादा बॉल घुसतेच आत."

"रना थांबतीन, शेषरावभाऊ. विकेट नाई भेटत," इनायतुल्ला म्हणाला. "थो पॅड पुढं टाकून दिवस काढते. राउंड द विकेट, स्टम्पाच्या दुसऱ्या बाजूनं याले पाह्यजे, दोन मानसं जवळ लावून. मंग त्याले बॅटनं खेळा लागते."

"सांग मंग कॅप्टनले फोन करून!"

सगळे हसले. तेवढ्यात चेंडू खरखरीत मातीत पडला, झपकन वळला आणि फलंदाजाच्या पॅडवर धाडकन आदळला. बॅट तर त्यानं वरच धरली होती. अकरा जणांनी अपील केलं, दुकानातल्यांनीही केलं. अंपायरनं मान हलवली.

"चोर हाये हा!" शेषराव उसळले. "सरळ मधल्या दांडीवर होता! खेळलाही नाई थो!"

"नाट आऊट हाये," इनायतुल्ला म्हणाला.

"काहून?"

"लेगच्या बाहेर पडला. मंग खेळो का न खेळो, आऊट देताच येत नाई."

शेषरावांनी मान वळवली. "इनायत, तू कोनाकडून हायेस रे?"

आतल्या बाजूला टाके घालणाऱ्या नईमाची सुई थांबली. इनायतुल्लाच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. हा प्रश्न त्याला ओळखीचा होता. तो कुठून येतो आणि कुठं जातो हेही ठाऊक होतं. पण त्याचा आवाज चढला नाही.

"ज्यानं पांढरा कोट घातला, त्याच्याकडून," तो म्हणाला आणि उठला.

त्यानं गाद्या बाजूला सारल्या. फरशीवर खडूनं तीन स्टम्प काढले, समोर पावलं मोजून दुसरे तीन. लेग स्टम्पापासून लेग स्टम्पापर्यंत गादी शिवायचा जाड दोरा ताणला आणि दोन्ही टोकांवर वजनाची मापं ठेवली. मग चेंडू पडला होता तिथं कापसाचा एक गोळा ठेवला.

"नत्थुजी, तुमी पाहा."

नत्थुजींनी जन्मभर पेरणीची तिफण धरली होती. शेतातलं वाकडं तास त्यांच्या डोळ्याला खपत नसे. ते गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला आणि दोऱ्यावरून सरळ पाहिलं.

"चार बोटं बाहेर हाये गा," ते म्हणाले.

"तू गोळाच बाहेर ठेवला तर बाहेरच दिसन!" शेषराव म्हणाले. पण टीव्हीवर तोच चेंडू पुन्हा दाखवत होते, हळूहळू, आणि तो पडला तिथं नत्थुजींनी पडद्यावर बोट ठेवलं. शेषरावांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

चहापानानंतर फिरकीवाला राउंड द विकेट आला. सिली पॉइंट लागला, शॉर्ट लेग लागला. तिसऱ्याच षटकात फलंदाज त्रिफळाचीत! नत्थुजींनी इनायतुल्लाच्या पाठीवर अशी थाप मारली की कापसाचा धुरळा उडाला. पुढच्या चेंडूला बॅटची कड लागली आणि सिली पॉइंटनं झेप घेतली.

"आऊट!" इनायतुल्लानं बोटच वर केलं.

"जमिनीले लागला," आतून नईमा म्हणाली. "टप्पा पडला मंधात."

"अवं, हातात गेला!"

"पह्यले पाहा, मंग बोट काढा."

पुन्हा दाखवलं तेव्हा चेंडू गवताला घासून हातात शिरताना स्वच्छ दिसला. आता मात्र शेषरावांचा चेहरा खुलला. इनायतुल्ला काय कारण काढतो याची ते वाट पाहू लागले.

"चुकलो," इनायतुल्ला म्हणाला. "नईमाचं बरोबर हाये. मी हात पाहून राहिलो होतो, बॉल पाहाले पाह्यजे होता."

एवढंच बोलून तो दोरा गुंडाळायला लागला. शेषरावांच्या ओठांवर आलेलं हसू तसंच विरलं. चाळीस वर्षं त्यांनी बसमध्ये माणसं पाहिली होती. स्वतःची चूक अशी चारचौघांत उचलून बाजूला ठेवणारा माणूस त्यांना फार वेळा भेटला नव्हता.

कसोटी अनिर्णित राहिली. नत्थुजींच्या गाद्या जीपच्या टपावर चढवून झाल्यावर शेषराव मागे रेंगाळले.

"इनायत, मघाशी मी बोललो थे बोलाले नोको होतं," ते म्हणाले. "न् जानेवारीत आपल्या टुर्नामेंटची फायनल हाये. उभा राहाशीन?"

"राहीन. पन एक गोष्ट हाये. निर्नय कसाही लागो, कोनी मैदानात यायचं नाई."

"थे माह्याकडं."

फायनलला शाळेचं मैदान भरलं होतं. विसाव्या षटकात दर्यापूरचा भरवशाचा फलंदाज पुढं सरसावला, चुकला आणि यष्टिचीत झाला. स्क्वेअर लेगवरून इनायतुल्लाचं बोट वर गेलं. गलका उठला, पन्नास-साठ जण दोरीपर्यंत धावले. इनायतुल्ला हलला नाही. तेवढ्यात भोंग्यातून शेषरावांचा कंडक्टरचा आवाज घुमला, "मागं सरका! दोरीच्या आत कोनी पाय टाकाचा नाई! अंपायरनं आऊट देल्ला, आऊट हाये!"

लोक कुरकुरत मागे सरले. दर्यापूर नऊ धावांनी हरलं. सामना संपल्यावर बाद झालेला तो फलंदाज स्वतः आला, हात पुढं केला आणि विचारलं, "काका, किती बाहेर होतो?"

"चांगला हातभर," इनायतुल्ला म्हणाला. "फिरकीले पुढं जाशीन तर पूर्न जात जा."

आणि तिथंच, मैदानाच्या मधोमध, तो त्याला पाय कुठवर टाकायचा ते दाखवू लागला.