पत्त्याला शेपूट कशाला?

कौसल्याकाकू फोनवर वेबसाइटचा पत्ता सांगायला लागल्या की हैदराबादेतल्या काचीगुड्याचं आमचं मराठी वाचनालय वाचण्याच्या कामाचं राहत नसे. "हौ, पी! पपईतला पी. मग एच. आता परत पी. नक्को, टिंब आधी! टिंब आधी दे म्हणते ना!" पलीकडे सिकंदराबादच्या मोहितेआजी असत, आणि टिंब म्हणजे नेमकं कुठलं बटण, असं विचारत असत. फोन आपटून काकू माझ्याकडे बघत. वेबसाइट मी बनवली होती, म्हणजे गुन्हेगार मीच.

काकूंचं माहेर उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन इकडे आल्या, कचेरीत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दुपारची वाचनालयाची खुर्ची बळकावली. तिथे बसून त्यांच्या लक्षात आलं की मोठी माणसं पुस्तकं नेतात, आणि नातवंडं मात्र मुखपृष्ठावरचं चित्र बघून परत ठेवतात. पोरं घरी मराठी बोलत, पण वाचायला दिलं की अडखळत. "वाचता येत नाही तर ऐका म्हणावं. कान तर मराठीच आहेत ना?" असं म्हणून काकूंनी स्वतःच्या आवाजात गोष्टी सांगून त्या माझ्याकडून वेबसाइटवर चढवून घेतल्या. प्रत्येक गोष्टीची सुरुवात एकच, दरडावून केलेली: "पाय धुतले का सगळ्यांनी? मग बसा."

पण गोष्टींच्या पानाचा पत्ता संपत होता 'डॉट पीएचपी'वर, आणि आजीमंडळी तिथेच धडपडत होती.

"हे पीएचपी कशाला गं?" काकूंनी एकदा विचारलं.

"काकू, आतली फाइल कोणत्या जातीची आहे ते त्यावरून कळतं."

"कुणाला कळायचंय? पाहुण्याला घराचा पत्ता सांगताना भिंती विटांच्या का मातीच्या, हे सांगतो का आपण? आणि उद्या भिंत पाडून नवी बांधली, तर पत्ता बदलायचा? पत्त्याला शेपूट कशाला?"

इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. मी सर्व्हरला एक नियम लिहून दिला: कुणी नुसतं 'गोष्टी' मागितलं की आत जाऊन पीएचपीची फाइल काढून दे, बाहेर शेपूट दाखवू नकोस. पत्ता चालू झाला आणि पानावरचे सगळे फोटो गायब झाले. माझा नियम जे दिसेल त्याला पीएचपी चिकटवत सुटला होता, फोटोंनासुद्धा. काकूंनी कपाळावर हात मारला. "एकाचं कापायला सांगितलं, तर तू गावभर शेपट्या वाटल्यास!" मग मी अट घातली, की मागितलेली फाइल त्याच नावाने खरोखर असेल तर तिला हात लावायचा नाही. फोटो परत आले. काकूंनी मला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं, आणि जेवताना दहा वेळा तेच ऐकवलं.

त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून काकूंनी कापडी पिशव्या वाटल्या. पिशवीवर गोष्टींचा पत्ता छापलेला, बिनशेपटीचा. काचीगुड्यापासून सिकंदराबादपर्यंत मराठी घरांत त्या पिशव्या गेल्या. आज्या बाजारातून भाजी आणत, पिशवी रिकामी करत आणि नातवंडापुढे धरत, की हे फोनवर दाब. पोरं दाबत आणि ऐकत.

मग वाचनालयाला नवे अध्यक्ष लाभले. लाभले हा शब्द मी दात-ओठ खाऊन लिहिते आहे. त्यांच्या भाच्याची वेबसाइटची कंपनी होती. भाच्याने जुनं सगळं काढून चकचकीत नवं बसवलं, माझा नियमही त्यातच गेला. गोष्टी होत्या, पण वेगळ्या पत्त्यावर, पुन्हा लांबलचक शेपटीसकट. पिशवीवरचा पत्ता टाकला की 'पान सापडले नाही'.

काकू तेव्हा आजारी होत्या, घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांनी अंथरुणातून अध्यक्षांना फोन लावला. मी शेजारी बसले होते.

"मॅडम, काही परेशान होऊ नका. नवा पत्ता आम्ही सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो ना," अध्यक्ष म्हणाले.

"आणि पिशव्या? पिशव्या आहेत का तुमच्या व्हॉट्सअॅपवर? का सगळ्यांकडून परत मागवून धुऊन काढू?"

अध्यक्ष हसले. मी पासवर्ड मागितला, अवघं दोन ओळींचं काम होतं. "सुरक्षेचा प्रश्न आहे," असं उत्तर आलं. कसली सुरक्षा? उदगीरच्या बाईने सांगितलेल्या गोष्टी चोरून कोण नेणार होतं? काकू रोज फोन करत राहिल्या आणि अध्यक्षांनी फोन उचलणं बंद केलं. "अगं, मी गेल्यावर पोरं दाबतील आणि आतून कुणी ओ देणार नाही," असं त्या मला म्हणाल्या. पान बंद असतानाच त्या गेल्या. मला याचा आजही संताप येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

शोकसभा वाचनालयातच झाली. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "काकूंचा आवाज कायम आपल्यासोबत राहील." पहिल्या रांगेत मोहितेआजी मांडीवर तीच पिशवी घेऊन बसल्या होत्या आणि फोनवर एकेक अक्षर दाबत होत्या. त्यांनी मान वर केली. "कुठे राहील म्हणता? इथे तर लागंना."

मला राहवलं नाही. मी आजींच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि अध्यक्षांच्या तोंडासमोर धरली. "हा पत्ता आहे. हा उघडेपर्यंत मी इथून हलणार नाही. पासवर्ड द्या." सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिथूनच भाच्याला फोन करून पासवर्ड मागवून दिला. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडला आणि पुन्हा तो नियम लिहिला: कुणी नुसतं 'गोष्टी' मागितलं, तर त्याला गोष्टी द्याव्यात.

सभा हातातून निसटायला लागलेली बघून अध्यक्ष घाईने म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू." सगळे उभे राहिले. मोहितेआजींनी मात्र पत्ता दाबणं सोडलं नव्हतं. त्या शांततेत त्यांच्या फोनमधून, पूर्ण आवाजात, काकू ओरडल्या:

"पाय धुतले का सगळ्यांनी? मग बसा."

आणि अध्यक्षांसकट सगळे खाली बसले.