पिवळी रेघ

“रेघ मारली की चाक माझं, मग ते कुठंही फिरो,” मिस्त्री एकदा म्हणाले होते. लेक तेव्हा नुकतीच गॅरेजात येऊ लागली होती आणि ती रेघ कशासाठी, असं तिनं विचारलं होतं.

मोटरसायकलचं पुढचं चाक बसवून झालं की मिस्त्री एक्सलचा नट आवळायचे. मग पिवळ्या रंगाच्या बाटलीत बारीक कुंचला बुडवून नटावरून थेट शॉकअपच्या लोखंडापर्यंत एक तिरकी रेघ ओढायचे. नट केसभर हलला तरी रेघ मधोमध तुटलेली दिसणार. त्यांच्या गॅरेजला पाटी नव्हती. आसपासच्या निम्म्या गाड्यांवर ही रेघ होती, तीच त्यांची पाटी.

त्याला आता चौदा वर्षं झाली होती. गॅरेज लेकच चालवत होती. सुट्या भागांची ऑर्डर ती देई, गिऱ्हाइकांशी ती बोले, इंजिनही तीच उघडे. पुढची चाकं मात्र मिस्त्रींची. ती कुणी मागितली नव्हती आणि त्यांनी दिली नव्हती.

गेल्या वर्षी तिनं टॉर्क पाना आणला. हवा तेवढा जोर लागला की तो हातात ‘टक्’ करतो. मिस्त्रींनी तो उलटासुलटा करून पाहिला.

“टक् झालं की थांबायचं? माझा खांदा तीस वर्षं तेच करतोय.”

तिनं गंमत म्हणून त्यांनी आवळलेल्या नटावर पाना लावला. पाना हलायच्या आत ‘टक्’ झालं. दोन दिवस मिस्त्रींचे पाय जमिनीवर नव्हते. येईल त्याला सांगत होते, “कंपनीनं माझाच हात बघून बनवलाय तो.”

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी ते जेवायला घरी गेले असताना तिनं सहज, काही मनात न धरता, त्यांनी सकाळी आवळलेल्या नटाला टॉर्क पाना लावला. टक् झालं नाही. नट फिरला, आणखी फिरला, पाव फेरा पूर्ण झाला तेव्हा कुठे आवाज आला. पिवळी रेघ तुटली होती. अर्धी नटावर, अर्धी लोखंडावर, एकमेकींकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिला घरातल्या गोष्टी दिसू लागल्या. बरणीचं झाकण आईपुढे मुकाट्यानं सरकवणं. शर्टाच्या बटणांना लागणारा वेळ. कपबशीऐवजी दोन्ही हातांत धरलेला पेला.

“बोलू नकोस,” आई म्हणाली. “चाकं गेली तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल. ते मला बघायचं नाही.”

ती बोलली नाही. रोज दुपारी ते जेवून आडवे झाले की ती नट टक् होईस्तोवर आवळी, जुना रंग थिनरनं पुसे आणि नवी रेघ ओढी, तशीच तिरकी. हळूहळू तिचा हात इतका बसला की आपली रेघ कुठली आणि त्यांची कुठली, हे तिलाही सांगता आलं नसतं. या लपवाछपवीत तिची कामापेक्षा जास्त दमछाक होई.

आज सकाळी वीजमीटर वाचणारा आपली गाडी ढकलत आला. पुढचं चाक पंक्चर. आठच दिवसांपूर्वी त्या चाकाचं बेअरिंग मिस्त्रींनी बदललं होतं.

इंजिनखाली ठोकळा गेला. मिस्त्रींनी गोणपाटावर बसून नटाला पाना लावला. नट हलेना. त्यांनी बूड सरकवलं, दम घेतला, पुन्हा जोर केला. मग उभं राहून पान्यावर पाय दिला.

“मिस्त्री, वेल्डिंग केलंत की काय?” मीटरवाला हसला. “कुलूप तुमचंच, आणि तुम्हालाच उघडेना!”

“द्या बाबा,” लेक घाईनं पुढे आली. “गंजला असेल.”

“आठ दिवसांत?”

त्यांनी चिंधी घेऊन नटावरची ग्रीस पुसली. नटावर दोन रेघा होत्या. एक लोखंडावरच्या रेघेला जुळलेली. दुसरी, पाव फेरा पुढे जाऊन, भलतीकडेच बघणारी. त्या दिवशी मीटरवाल्यानं घाई केली होती आणि जुनी रेघ पुसायची राहून गेली होती.

मिस्त्रींनी बोट त्या रेघेवर ठेवलं, मग दुसरीवर.

“किती दिवस?”

“तीन महिने.”

“सगळ्या?”

“तेव्हापासूनच्या सगळ्या.”

“आणि त्याच्या आधीच्या?”

“बोलावून घेतल्या. ऑइल फुकट तपासून देतो म्हणून.”

“तरीच.” त्यांनी चिंधीची घडी केली. “मी म्हटलं, हिला एवढी समाजसेवा कुठून सुचली. कुणी पडलं?”

“नाही बाबा. कुणीच नाही.”

“रेघ माझी, हात तुझा. खोटी सही झाली ती, पोरी.”

मीटरवाल्याला एकदम तहान लागली. तो कोपऱ्यातल्या माठाकडे गेला आणि तिथंच रेंगाळला.

तिनं पान्याला पाइप लावून नट सोडवला. पंक्चर निघालं. चाक परत बसवायला मात्र मिस्त्री स्वतः वाकले. तिला सगळं पाठ होतं, तरी पहिल्या दिवसासारखं सांगत राहिले. “टायरवरचा बाण बघ, पुढे हवा. कॉलर विसरू नकोस. डिस्क दोन्ही पॅडच्या मधोमध. स्पीडोमीटरच्या केबलची खाच इथं अडकली पाहिजे, नाहीतर नट आवळताना चिरडेल.” एक्सलला ग्रीस लावून त्यांनी तो तळव्यानं आत ढकलला. तो अडला नाही, ठोकावाही लागला नाही. नट त्यांनी बोटांनी चढवला आणि टॉर्क पाना तिच्यापुढे धरला.

तिनं आवळला. टक्.

मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं, ब्रेक कडक लागेपर्यंत दाबला, हँडल धरून शॉकअप खालीवर केला. मग रंगाची बाटली घेतली. झाकण पहिल्यांदा निघालं नाही. ती दुसरीकडे बघत राहिली. शेवटी निघालं. त्यांनी कुंचला बुडवला, बाटलीच्या तोंडाला निथळला आणि दांडा तिच्याकडे करून हात लांब केला.

“तुम्ही मारा ना, बाबा. आवळीन मी. रेघ तुमची असू दे.”

हात मागे गेला नाही. कुंचल्याच्या टोकाशी पिवळा थेंब जमत होता, जड होत होता.

तिनं कुंचला घेतला. रेघ ओढली. तिरकी काढायची ती विसरली. रेघ सरळ आली.

मिस्त्रींनी वाकून ती पाहिली. मग चिंधीनं एकेक बोट पुसलं, अगदी सावकाश, अंगठ्यापर्यंत. चिंधी खिळ्याला अडकवली, पायांत चपला सरकवल्या आणि माठापाशी उभ्या मीटरवाल्याच्या बाजूनं बाहेर पडले.