लाइनीला हात

माझी वहिनी लग्नाआधी कबड्डी खेळायची. आमच्या घणसोलीच्या रग्बी क्लबात निम्म्या पोरी कबड्डीतल्याच. कोचना त्या आवडतात, कारण अंगावर येणारीला धरायला घाबरत नाहीत. वहिनी तर सासरी आल्यावर माझ्यासोबत सहज मैदानावर आली आणि तिथलीच झाली. मी तिच्याआधीपासून खेळतेय, पण ती माझ्याहून चांगली. उगाच खोटं कशाला बोलू?

तुर्भ्याच्या स्पर्धेआधी दादाने जेवताना वहिनीला सांगून टाकलं, की जिंकलेली टीम राज्याच्या कॅम्पला जाणार आहे ना, मग गेलीस तर खेळ, नाहीतर बस झालं, घरात लक्ष दे. आवाजसुद्धा चढवला नाही. आईबाबांनी मान हलवली, वहिनीनेही हलवली. मी बोंबलाचा काटा काढत बसले. तेव्हा मला काहीतरी वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

सात-सात जणींचा खेळ, सात मिनिटांचे दोन हाफ. चहा उकळून गाळेपर्यंत अर्धी मॅच संपते. ऊन मरणाचं होतं आणि पलीकडच्या रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न चालूच होते. आम्ही फायनलला पोचलो. शेवटच्या मिनिटाला दोनच पॉइंटांनी मागे होतो, आणि ट्रायचे पाच मिळतात, म्हणजे एक ट्राय झाली की कॅम्प आमचा.

बॉल मी वहिनीला दिला. काय पळाली बाई! दोघींना चुकवलं. तिसरीने मागून पाय धरले आणि वहिनी लाइनीच्या अलीकडे हातभर अंतरावर आडवी झाली. ट्राय व्हायला बॉल लाइनीवर टेकवावा लागतो, आणि पडल्यापडल्या हात लांब करून टेकवला तरी चालतो. वहिनीने हात लांब केला. रिकामा हात. बॉल दुसऱ्या हाताने छातीशी गच्च धरलेला, आणि हा पंजा चुन्याच्या लाइनीवर पसरलेला. कबड्डीत धरलेली पोरगी मधल्या लाइनीला हात लावते आणि सुटते, अगदी तसा.

रेफ्रींनी शिट्टी मारली. धरून पाडल्यावर बॉल सोडावा लागतो, तो सोडला नाही म्हणून पेनल्टी त्यांना. मी धावत गेले तेव्हा वहिनी तशीच पडलेली होती आणि हसत होती.

"हात लागला, बाय," ती म्हणाली. "मी बाद नाय."

मी तिला उठवलं. काय झालं ते तिला कोचनी सांगितलं, मी नाही. तोवर समोरच्या पोरींनी बॉल बाहेर मारला आणि मॅच संपली. कोणी रडलं, कोणी पाणी प्यायलं. मी बुटांच्या नाड्या सोडल्या. आतून काहीच हलत नव्हतं, दात काढल्यावर गाल बधिर होतो तसं.

घरी दादाने काय झालं विचारलं. हरलो, मी सांगितलं. बरं, म्हणाला, आणि टीव्हीकडे वळला. वहिनी आंघोळ करून ओट्याशी भाकऱ्या थापायला उभी राहिली. मी ताटं घ्यायला आत गेले. तिने थापता थापता हात थांबवला आणि पिठाचा पंजा उलटसुलट करून पाहिला.

"बॉल माझ्याकडंच होता ना गं?" तिने विचारलं.

"हो."

तिने मान हलवली, त्या दिवशी जेवताना दादासमोर हलवली होती तशीच. मग तव्यावरची भाकरी उलटली आणि पहिलं ताट दादाचं वाढ म्हणाली.