खालची पायरी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टर कंपू भागातल्या हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आल्या की सरळ घरात जात नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर चपला काढून, डोळे मिटून स्वस्थ बसतात.

वरून त्यांच्या सासूबाई ओरडतात, "अगं, चहा ठंडा होतोय!"

"होऊ द्या. वॉर्ड घरात नाही आणायचा, बस्स."

माझे बाबा त्यांच्याच वॉर्डात गेले. दिवस आटोपले, पाहुणे परतले, त्या संध्याकाळी मला घराचं कुलूप उघडवेना. सिस्टर पायरीवर होत्या. त्या सरकल्या, शेजारची जागा ओढणीनं पुसली. मी बसलो.

थोड्या वेळानं त्या वर गेल्या. सासूबाईंशी त्यांचं खळखळून हसणं खाली ऐकू आलं. मी थक्क होऊन ऐकत राहिलो, मग कुलूप उघडलं.