साहेबांसकट वाहून गेलेली खोली

रेवा आणि ईशान,

तुमची आजी एका सरकारी अधिकाऱ्याबरोबर होडीतून पळून गेली होती, ही तुमच्या बाबांनी सांगितलेली गोष्ट बहुतांशी खरी आहे. दुरुस्ती एवढीच, की पळाली ती होडी. आम्ही दोघं आत चहा पीत होतो.

हे आत्ताच लिहायचं कारण असं, की रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, सुट्टीत आलो की आम्हांला होडीतली खोली मिळेल ना?" आणि मी "बघू" म्हणाले. मी "बघू" म्हणते तेव्हा मला उत्तर माहीत नसतं, हे तुम्ही ओळखून आहात. होड्या राहणार की मोडणार, याचा कागद अजून आलेला नाही. तो येईपर्यंत तुमचे बाबा या गोष्टीत एखादी मगर घालतील. (मागच्या वेळी त्यांनी मला पोहायला लावलं होतं!) म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगते.

टेमघरच्या आपल्या घरापासून खाडीकाठची ती जागा रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. धामणकर नाका मोकळा असेल तर. म्हणजे कधीच नाही. तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा खाडीतून रेती काढणाऱ्या जुन्या लाकडी होड्या निकामी होऊन काठाला पडल्या होत्या. लोक त्या सरपणाला नेत. आजोबांनी तीन आणल्या. बांधालगतच्या खड्ड्यांत बसवल्या, वर पत्रा घातला, बाजूला खिडक्या पाडल्या, आत एकेक खाट ठेवली आणि म्हणाले, "झालं रिसॉर्ट."

मी म्हटलं, "अहो, रिसॉर्टला निदान नाव तरी लागतं."

"थोरली, मधली आणि धाकटी," ते म्हणाले. नाव विचारलं रिसॉर्टचं, बारसं केलं होड्यांचं! तेच राहिलं.

लोक मात्र आले. शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, तेव्हा मालक मंडळी बायकामुलांना घेऊन येत. त्यांत रशीदभाई पहिले. त्यांचा कारखाना आमच्या घरामागेच. पहिल्याच रात्री ते उशी काखेत घेऊन बाहेर आले. "भाभी, इथं आवाजच नाही. मला नींद कशी लागणार?" आजोबांनी विहिरीवरचा पंप चालू केला. त्याच्या खटखटीत रशीदभाई सकाळपर्यंत घोरत पडले. शांततेसाठी आलेल्या माणसासाठी आम्ही रात्रभर पंप चालवला, असा आमचा धंदा.

वर्षं गेली. आम्ही म्हातारे झालो, होड्याही झाल्या. थोरली एका अंगावर कलली, मधलीचं दार पावसाळ्यात फुगून बसायला लागलं. आणि आजूबाजूची खारफुटी, जी आम्ही कधी लावली नव्हती, ती मात्र दरवर्षी हातभर पुढे सरकत अगदी उंबऱ्याशी आली. मग एके दिवशी समजलं, की खारफुटीची ती सगळी पट्टी आता संरक्षित झाली आहे. तिथलं बांधकाम काढावं लागेल. साहेब पाहणीला येणार आहेत.

आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "मोडायच्या असतील तर मोडू देत. पण बांधकाम म्हणून नाही. त्या होड्या आहेत. एवढं त्यांनी कागदावर लिहावं."

"लिहिलं तर होड्या वाचतील का?"

"बघू," ते म्हणाले. (हा शब्द मी त्यांच्याकडूनच उचलला आहे.)

पाहणीच्या दिवशी ते वकिलाकडून जागेचे जुने फोटो आणायला भल्या सकाळी शहरात गेले. इथून पुढच्या सगळ्याला मीच जबाबदार आहे, कारण मागे उरले मी आणि माझी टापटीप.

मी ठरवलं, साहेबांना धाकटीत बसवायचं. ती सगळ्यांत लहान, पण सरळ उभी. पडदे धुतले होते, खाटेवर इस्त्रीची चादर घातली. आणि चादर खोचताना खाटेखाली दिसली भोकं! चांगली मूठ जाईल एवढी, ओळीने चार-पाच. एकातून एक खेकडा माझ्याकडे बघत होता. आजोबा रिसॉर्ट चालवतात की खेकड्यांची चाळ? मी ताबडतोब रशीदभाईंना फोन केला.

"भाभी, लूमचं वेस्टेज पाहिजे? किती?"

"भोकं बुजवण्यापुरतं."

त्यांनी सुताचं एक पोतं पाठवलं. मी आणि यशोदाने (आपल्याकडे स्वयंपाक करते ती, तिच्या हातची भजी तुम्हांला आठवत असतील) सुताचे बोळे केले, डांबरात बुडवले आणि लाटण्याने ठोकून एकेक भोक पक्कं बंद केलं.

"वयनी, दादांना इचारलं का?" यशोदा म्हणाली. "ते बोंबलतील हां."

"भोकं ठेवताना त्यांनी मला विचारलं होतं का?"

पोतं धाकटीतच संपलं, हे नशीब. मग बाहेर पाहिलं, तर होडी खुंटाला बांधलेले ते जाडे, शेवाळलेले, घाणेरडे दोर! ते मी सोडायला लावले आणि त्यांच्या जागी पडद्यांना शोभेल अशी पांढरी, नाजूक दोरी बांधली. लांबून फार छान दिसत होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पौर्णिमा आणि अमावास्या जवळ आली की तुमचे आजोबा कधीही पाहुणे घेत नसत. इतकी वर्षं मला वाटायचं, सासूबाईंचे संस्कार! इंग्रजी शाळेत शिकलेली मी मनातल्या मनात हसायचे आणि त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही म्हणून गप्प बसायचे. साहेब आले तो पौर्णिमेनंतरचा दिवस होता. वेळ भर दुपारची.

साहेब तरुण होते, नम्र होते, बूट काढून आत आले. फळीवरून चढताना म्हणाले, "खाली पाणी आलंय, मावशी."

"भरती आहे. येतं आणि जातं," मी म्हणाले. खाडीकाठी इतकी वर्षं काढलेल्या बाईने बोलावं अशा थाटात!

त्यांचा शिपाई बांधावर उभा राहिला, हातात टेप. टेपचं दुसरं टोक त्याने धाकटीच्या दाराला अडकवलं होतं. बांधापासून खोली किती लांब, ते मोजायचं होतं. मी चहा ओतला. साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"छप्पर आहे, पडदे आहेत, खाट आहे. मावशी, वाईट वाटतं, पण हे बांधकामच झालं."

"अहो, ही होडी आहे."

"होडी हलते. ही हलते का?"

माझी बशी टेबलावरून हळूच त्यांच्याकडे सरकली. त्यांनी आभार मानून ती उचलली.

बाहेरून शिपाई ओरडला, "साहेब, बारा फूट!"

साहेबांनी लिहिलं.

"साहेब, पंधरा!"

"अरे, एकदा काय ते नक्की सांग!"

"साहेब, अठरा! साहेब, हे वाढतंय!"

तेवढ्यात खिडकीतून यशोदा जाताना दिसली. हातात भज्यांचा झारा, चुलीसकट! मी म्हटलं, "यशोदे, पाहुण्यांना सोडून कुठे चाललीस?"

"मी न्हाय चालत, वयनी!" ती किंचाळली. "तुमीच चाललाव!"

फळी धप्पकन पाण्यात पडली. पांढरी, नाजूक दोरी तुटल्याचा आवाजसुद्धा नाजूकच आला. टेप संपला, शिपायाच्या हातून सुटला आणि शेपटीसारखा आमच्या मागे येऊ लागला.

आणि नेमके त्याच वेळी तुमचे आजोबा फोटोंची पिशवी घेऊन बांधावर हजर! (त्या दिवशी नाका मोकळा होता. आयुष्यात एकदाच.)

"अगं, कुठे निघालीस?"

"मला काय विचारता? होडीला विचारा!"

"खालची भोकं?"

"बुजवली!"

"कशाला?"

"खेकडे येत होते!"

"पाणी यावं म्हणून ठेवली होती ती! उधाणाचं पाणी आत शिरलं तर होडी बसून राहते! म्हणून तर पौर्णिमेला पाहुणे घेत नाही मी!"

श्रद्धेचा प्रश्न असा निकालात निघाला.

"बोळे काढ!" आजोबा ओरडले.

"नका काढू!" साहेब माझ्या कानाशी ओरडले. "मावशी, मला पोहता येत नाही. हे पाणी चाललंय कुठे?"

"आत्ता खाडीच्या आतल्या अंगाला."

"आणि ओहोटी लागली की?"

"मग वसई."

"माझं ऑफिस ठाण्याला आहे हो!"

वल्हं नव्हतं. भिंतीवर मी स्वतः रंगवलेली 'कृपया शांतता राखा' ही पाटी होती. साहेबांनी ती उपटली आणि तिने पाणी मारू लागले. मी चहाचा ट्रे घेतला. ते उजवीकडे मारत, मी डावीकडे, शिपाई बांधावरून धावत "साहेब, सही राहिलीय!" असं ओरडत होता. आम्ही दोनदा जागच्या जागी फिरलो. दुसऱ्या फेरीत किटली पडली. खरं सांगते, त्या क्षणीही मला पहिली काळजी चादरीची वाटली.

शेवटी आम्हांला वाचवलं खारफुटीने. वळणावर धाकटी झाडांच्या दाटीत घुसली, करकरली आणि थांबली. साहेबांनी खिडकीतून दोन्ही हात काढून एका फांदीला अशी मिठी मारली, की त्याहून जास्त संरक्षण कोणत्याही झाडाला कुठल्याही कायद्याने दिलं नसेल.

आजोबा शेजारच्या गावची लहान होडी मागून घेऊन पोचले. चिखलाने माखलेले, धापा टाकत. मला वाटलं आता माझी पूजा होणार. पण त्यांनी आधी धाकटीच्या फळ्यांवरून हात फिरवला. वाकून पाण्याची रेघ पाहिली. आत थेंबभर पाणी नव्हतं.

"तरंगली," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं जमिनीवर होती. तरी तरंगली."

साहेब फांदी न सोडताच म्हणाले, "काका, होडी आहे. मान्य. मी लिहून देतो."

त्यांनी दिलंही. धाकटी ही होडी आहे, असं त्यांच्या अहवालात आहे. अर्थात त्यामुळे नवीन प्रश्न निघाला: होडी असेल तर परवाना कुठे, आणि आत बसलेल्यांना लाइफ जॅकेटं का नव्हती? ती फाइल वेगळ्या ऑफिसात गेली आहे. थोरली आणि मधली त्या दिवशी हलल्या नाहीत, म्हणून त्या बांधकाम ठरल्या. (त्यांची भोकं उघडी होती ना! मी नीट काम केलं नाही तेच नडलं, असं मी म्हणून पाहिलं. आजोबा हसले नाहीत.) ते अर्ज करतात, उत्तराची वाट पाहतात, आणि संध्याकाळी बांधावर खुर्ची टाकून दोघींकडे बघत बसतात. मी शेजारी बसते आणि कशालाही हात लावत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, थोरली आणि मधली सुट्टीपर्यंत असतील की नाही, मला माहीत नाही. धाकटी मात्र असेल. ओहोटीला ती चिखलात बसली ती बसलीच. तिला बाहेर काढायचं तर खारफुटी तोडावी लागेल, आणि खारफुटी तोडायला बंदी आहे. तुम्हांला तिथे झोपता येणार नाही, पण बांधावरून दिसेल. पत्र्यावर बगळे बसतात, खिडकीला माझा पडदा आहे. आणि आजोबा गेल्या उधाणाला होडीतून जाऊन बघून आले. माझे बोळे अजून घट्ट आहेत.

तुमची,
आजी