मोरी पाहून येतो

नामदेव दुर्गे गेल्याची बातमी मला आदिलाबादच्या बसस्टँडसमोर, राजन्नाच्या चहाच्या टपरीवर कळली. आमच्या पंधरा वर्षांच्या ओळखीत जे काही घडलं ते कुठल्या ना कुठल्या हॉटेलातच घडलं, तेव्हा ही बातमी तरी दुसरीकडे कुठे कळायची? राजन्नानं चहाचा ग्लास पुढे ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. "आपको मालूम नै क्या सार? अपने दुर्गे सार पोयारु... परसों." उटनूरच्या शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय पुरतं पन्नासही नव्हतं. मला कोणी कळवलं नव्हतं, आणि त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नव्हतं. त्याचं घर टपरीपासून चालत वीस मिनिटांवर होतं. तिथे मी पंधरा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. आता पाच आठवडे झाले आहेत, आणि हे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही असं वाटतं म्हणून लिहितो आहे.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास आम्ही दोघं एकाच मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो. मी सीमेवरच्या खेड्यातला, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातला. वडील गावचे पाटील, म्हणून दुर्गे पहिल्या दिवसापासून मला 'पाटील'च म्हणायचा. माझं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तो बौद्ध, त्याचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, आणि घरात पहिला पगार आणणारा हाच. पहिल्या पगाराचं त्यानं काय केलं असेल? बसनं निर्मलला गेला, एका हॉटेलात खुर्चीवर बसला आणि पोटभर जेवून परत आला. हे तो स्वतःच सांगायचा आणि सांगताना हसायचा. आम्हीही हसायचो. माणूस खादाड आहे, एवढंच आम्ही त्यातून समजलो.

जिल्ह्यात कुठे काय चांगलं मिळतं ते त्याला विचारावं. कोणाची बदली झाली की तो मास्तर आधी दुर्गेकडे यायचा. निर्मलला लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांच्या गल्लीमागे एक खाला सकाळी खिचडी आणि चिंचेचं खट्टं विकायची. मंचेरियलला स्टेशनसमोर खाणीवरचे कामगार जेवायचे तिथला भात, पप्पू म्हणजे तेलुगू वरण, आणि अंड्याचं कालवण. उटनूरला कचेरीच्या पाठीमागे एका विधवा बाईची खानावळ, तिच्या दारात चपला काढून आत पाटावर बसायचं. त्याच्या यादीतली हॉटेलं दिसायला अगदी यथातथाच असत. बाकं डुगडुगायची, भिंती धुरानं काळ्या, पाटीचा पत्ता नाही. चांगल्या पाटीची, चकाचक हॉटेलं त्यानं का वगळली हे कोडं मला कधी पडलंच नाही. त्याला तिखट आवडतं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

त्याची एक सवय होती. नव्या हॉटेलात शिरलं की तो बसायचा नाही. "बस तू, मोरी पाहून येतो," म्हणून सरळ मागं जायचा, जिथे हात धुतात आणि भांडी घासतात तिथे. दोन मिनिटांनी परत येऊन मान हलवली की जेवायचं. नाही हलवली तर, "चाल पाटील, इथी जमत नाही." मी पाणी प्यायलेलं असो की भज्याची ऑर्डर दिलेली असो, उठावंच लागे. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणायचो. तो चिडायचा नाही. "तुमाले काय माईत मोरीत काय काय दिसते," एवढंच म्हणायचा आणि वह्या तपासायला घ्यायचा.

आणि या सगळ्या यादीच्या शेवटी तो एक वाक्य हमखास जोडायचा. "अन् सगळ्यात चांगलं जेवण कुठी भेटते सांगू का? माह्या घरी. तुही वहिनी आंबाडीची भाजी करते तशी जिल्ह्यात नाही. ये एक डाव." मी म्हणायचो, येतो ना, येतो. पहिल्या वर्षी खरंच वेळ नव्हता. दुसऱ्या वर्षी म्हणालो, परीक्षा होऊन जाऊ दे. खरं कारण मला माहीत होतं आणि ते मी स्वतःलाही सांगत नव्हतो... आमचं गाव लांब नव्हतं, आदिलाबादच्या बाजाराला गावातलं कोणी ना कोणी रोज यायचं, आणि पाटलाचा पोरगा कोणाच्या घरी जेवला हे संध्याकाळच्या बसनं घरी पोचलं असतं.

मग आम्ही हैदराबादला ट्रेनिंगला गेलो. तीन आठवडे. एवढं मोठं शहर दोघांनीही पहिल्यांदाच पाहिलं. पहिल्याच दिवशी तो मला एका इराणी हॉटेलात घेऊन गेला आणि आत शिरताच संगमरवरी टेबलाशी, अगदी मधोमध, बसला. मागं गेलाच नाही. मी थट्टेनं विचारलं, "काऊन रे, आज मोरी नाही पाह्यली?"

"इथी नाही पाहा लागत," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

त्या तीन आठवड्यांत त्यानं मला शहरभर हिंडवलं. गल्लीबोळातली हॉटेलं, कुठे बकऱ्याचा पाया, कुठे नुसता बनमस्का, कुठे दगडी कट्ट्यावर बसून इडली. एका रविवारी तर आम्ही सकाळपासून सात ठिकाणी थोडं थोडं खाल्लं. कुठेही तो मागं डोकावला नाही. वेटरनं टेबलावर फडकं मारलं की याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद यायचा की मला वाटायचं, लग्नात नवरदेव तरी एवढा खूश असतो का? परत यायच्या दिवशी तो त्या इराण्याकडे विनाकारण दुसरा चहा मागवून बसून राहिला. "इथीच राह्यलो असतो पाटील, पन घर तिकडं हाये," म्हणाला. मी घड्याळ पाहत होतो. गाडी चुकेल याची मला काळजी होती.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायचं मी टाळतो आहे. निवडणुकीच्या कामावर आम्हाला आमच्या गावाकडच्या भागात पाठवलं. काम आटोपून परत निघालो. दुपारची वेळ, दोघंही भुकेनं कासावीस. आमच्या गावच्या फाट्यावर एक हॉटेल होतं, लहानपणापासून माझ्या ओळखीचं. तिथलं वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर यांचं मला कौतुक. मी म्हणालो, आज माझी निवड. तो थांबला. "मोरी पाह्यली का तू?" मी म्हणालो, "हजारदा पाह्यली. आरशासारखी हाये. बस गुपचूप." त्यानं माझ्याकडे पाहिलं, काही क्षण पाहिलं, आणि बसला. माझ्या शब्दावर बसला. हे मला आजही खातं.

हॉटेलवाला माझ्या वडिलांना मानणारा. "या पाटील, या," करत आला. मग दुर्गेकडे वळून, "सर कोन्या गावचे? आडनाव काय म्हनलं?" मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, दुर्गे सर, आमच्या शाळेतले. तो आत गेला. परत आला तेव्हा माझ्यापुढे स्टीलचं ताट ठेवलं आणि दुर्गेपुढे पत्रावळ. माझ्यापुढे स्टीलचा ग्लास, आणि त्याच्यासाठी मागच्या मोरीवरच्या कोनाड्यातून काढलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पोचे पडलेला ग्लास. पाणी वरून ओतलं, हात लांब धरून. दुर्गे जेवायला लागला. भाकर खाल्ली, पाणी प्यायला, पत्रावळ गुंडाळून उकिरड्यावर टाकली. मग तो ग्लास मागच्या मोरीत स्वतः घासला आणि तिथल्याच कोनाड्यात पालथा ठेवला. कोणी न सांगता त्याला ते सगळं येत होतं. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं तो मोरीत काय पाहत होता. वेगळा ठेवलेला ग्लास आहे की नाही, एवढंच. आणि मी? मी माझं ताट बाजूला सारायला हवं होतं, उठायला हवं होतं, त्या माणसाला दोन शब्द सुनवायला हवे होते. मी भरीत संपवलं. माझ्यापुढे अर्धी भाकर होती, तीही संपवली.

बसमध्ये तो खिडकीशी बसला. फाटा मागं पडल्यावर म्हणाला, "मोरी पाह्यली होती म्हने तू." आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो आणि आमच्या घराची मोरी पाहिली. दुर्गे आमच्या घरी तीन-चारदा येऊन गेला होता, जनगणनेच्या कामात. जेवायला मी त्याला कधी थांबवलं नाही, पण आई चहा द्यायची, आणि माझ्या घरात तसलं काही नाही याचा मला भलताच अभिमान होता. चहा झाला की तो कपबशी स्वतः मागं नेऊन धुवायचा. आई म्हणायची, किती गुणाचं लेकरू. त्या दिवशी मी मागं गेलो तर न्हाणीच्या भिंतीवर, साबणाच्या शेजारी, निळ्या फुलांची ती कपबशी पालथी ठेवलेली.

"हे इथी काऊन ठेवली वो आई?"

आई चुलीपाशी होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "तुमच्या त्या दुर्गे सरायचीच हाये ते. दुसऱ्या कोनाले नाही देत मी." इतक्या मायेनं म्हणाली की मला रागावताही येईना. म्हणजे तो आमच्या घरी पहिल्यांदा आला त्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. तरी तो येत राहिला, चहा पीत राहिला आणि शाळेत सगळ्यांना सांगत राहिला की पाटलाच्या आईसारखा चहा कोणी करत नाही.

आमचं भांडण झालं नाही. पण नंतर त्यानं मला कुठल्या नव्या हॉटेलात नेलं नाही. त्याची बदली उटनूरला झाली. सुटीच्या दिवशी घरी यायचा तेव्हा राजन्नाच्या टपरीवर भेट व्हायची, उभ्यानं चहा. चुकलं माझं, एवढे दोन शब्द मला बोलायचे होते. ते घेऊन मी कितीदा तिथे गेलो आणि बदल्या, पगार, पाऊस यावर बोलून परतलो. मग आई गेली. गावाची भीतीही उरली नाही, कारण तोवर गावात मला विचारणारंच कोणी राहिलं नव्हतं. आता त्याच्या घरी जेवायला न जायला एकही कारण नव्हतं, आणि नेमकी तेव्हा लाज आड आली. शेवटची भेट झाली तेव्हा त्याचे केस बरेच पिकले होते. जाता जाता म्हणाला, "पाटील, आंबाडी निंगाली हाये बाजारात. ये एक डाव." मी म्हणालो, येतो ना, येतो.

मी गेलो ते तो गेल्यानंतर. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी गर्दीत जायचं धाडस झालं नाही, हेही कबूल करून टाकतो. सुमनवहिनींना मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. "पाटील सर ना तुमी?" मी बसलो. भिंतीवर त्याचा फोटो, शाळेतल्या कुठल्या तरी ग्रुप फोटोतून मोठा करून घेतलेला. शेजारी माझा खांदा आलेला होता, तो कापलेला दिसत होता. वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "सर, पानी चालते ना आमच्या घरचं?"

मी म्हणालो, वहिनी, मी जेवायला आलो आहे.

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, स्टूल सरकवल्याचा आला. भाकर, आंबाडीची भाजी, कांदा. ताट स्टीलचं, कोरं करकरीत, दुकानाची कागदी चिठ्ठी अजून मागं चिकटलेली, आणि कडेला मशीननं नाव घातलेलं. 'पाटील'. वहिनी म्हणाल्या, "तुमी येनार म्हनून आनलं होतं यायनं. लय वर्सं झाले. आमच्या वापरल्या ताटात तुमाले जमते का नाही म्हने... म्हनून नवं." भाजी खरंच जिल्ह्यात कुठे नसेल अशी होती, आणि हे सांगायला समोर तो नव्हता. मी जेवलो. सगळं संपवलं, त्या दिवशी फाट्यावर संपवलं होतं तसंच.

ताट घेऊन मी मागं मोरीवर गेलो. वहिनी नको नको म्हणत होत्या, तरी राखेनं घासलं, धुतलं. भिंतीला मांडणी होती, त्यात घरातल्या सगळ्यांची ताटं ओळीनं लावलेली. त्याचंही ताट तिथेच होतं, 'ना. दुर्गे' घातलेलं. हातातलं ताट निथळत होतं आणि ते कुठे ठेवायचं हे मला कळेना. तो असता तर मी त्याला विचारलं असतं. मी ते त्याच्या ताटाशेजारी टेकवणार तेवढ्यात वहिनींनी माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवर एकटं ठेवून दिलं.

"तुमचंच हाये ते सर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाले नाही देत."