इंजिनावरून गेलेला विस्तव

रेल्वेच्या मालडब्यात गवताचे किती गठ्ठे भरायचे, हे ठरलेलं असतं. माणसं किती कोंबायची, हे कुठेच ठरलेलं नसतं. गवत भिजू नये म्हणून त्यावर ताडपत्री घालतात. एखादा गठ्ठा वाटेत पडला तर कुणाला तरी जाब विचारतात. माणूस पडला तर म्हणतात, जंगली होता, गाडीत बसायचं कळत नव्हतं.

हे सगळं मी पत्रकात छापलं होतं आणि जव्हारच्या बाजारात उभं राहून वाटलंही होतं. ज्यांना वाचता येत होतं ते मालडब्यातून जात नव्हते. जे मालडब्यातून जात होते त्यांनी माझ्या पत्रकात मीठ बांधून नेलं. अर्जही केले. जव्हार संस्थानात म्हणाले, रेल्वे इंग्रजी हद्दीत. इंग्रजी हद्दीत म्हणाले, माणसं संस्थानची. घाट उतरला की आमचा माणूस कुणाचाच नसतो, फक्त मुकादमाचा असतो.

भात-नागली कापून झाली की आमचे पाडेच्या पाडे खाली कुरणांवर गवत कापायला उतरतात. कंत्राटदार त्यांची तिकिटं काढत नाही. मुंबईला गवत उतरवून आलेले रिकामे डबे असतात, त्यांत टोळी भरतो आणि दाराला बाहेरून खीळ मारतो. वाटेत कुणी पळू नये म्हणून. आदल्या हंगामात मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यातली टोळी अशीच गेली. दार उघडलं तेव्हा एका तरुण बाईच्या कुशीतलं तान्हं पोर थंड झालं होतं.

यंदा तीच टोळी पुन्हा निघाली. त्या तरुण बाईच्या झोळीत नवं बाळ होतं. मी म्हटलं, पत्रकं पुरे झाली, आता यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत जायचं.

सगळ्यांत पुढे त्या बाईची आई चालत होती. मी तिला काकी म्हणत असे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीचं मडकं, मडक्यात राखेखाली गोवरीचा निखारा. त्या पाड्याची रीत अशी की टोळी खाली निघाली की पाड्यातल्या चुलीचा विस्तव बरोबर न्यायचा. कुरणावरची चूल त्यानंच पेटवायची आणि परत येईपर्यंत विझू द्यायची नाही.

"काकी, काड्यांची पेटी आता बाजारात मिळते," मी म्हणालो.

"मिलते ना. पन काडीचा इस्तव कुनाचा? कुनाच्या चुलीचा नाय तो."

थोडं चालून मग तीच म्हणाली, "मागल्या टायमाला मुकादमानं इस्तव पान्यानं इजवला. म्हनून पोर गेलं."

"पोर दार बंद होतं म्हणून गेलं, काकी. आत वारा नव्हता."

"तू शिकलेला. तुजा वारा. माजा इस्तव." ती थांबली नाही. "औंदा इजवू देनार नाय."

मी वाद घातला नाही. दोघांनाही तो डबा नको होता, तेवढं पुरे होतं.

स्टेशनवर कंत्राटदाराचा मुकादम मालडबा उघडूनच उभा होता. आत गवताच्या काड्यांचा आणि भुशाचा घोट्याएवढा थर. मागच्या बाजूला तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत माणसं खिडकीतून आत शिरत होती, पायरीवर लोंबकळत होती. आणि बाजूच्या रुळावर, उन्हात, तिसऱ्या वर्गाचा एक डबा अगदी रिकामा उभा. जत्रेच्या गर्दीसाठी आणलेला. जत्रा संपली, डबा राहिला.

"चला, चढा पटापट," मुकादम म्हणाला. मग त्याला मडकं दिसलं. "ए म्हातारे, ते ओत तिकडं."

काकी फलाटावर खाली बसली. मडकं मांडीत घेतलं. तिच्यामागे तिची लेक बसली, मग एकेक करत अख्खी टोळी. चिलमी निघाल्या, आणि मडक्यातला निखारा चिमट्यानं हातोहात फिरू लागला.

"अरे, कुरणावर गवत वाळून चाललंय," मुकादम म्हणाला.

"वालू दे," मागून एक म्हातारा म्हणाला. "तुज्या सासऱ्याचा हाय काय?"

तेवढ्यात धूर बघून स्टेशनमास्तर धावत आला. गवताच्या डब्याजवळ विस्तव बघून त्याचा चेहरा उतरला. डब्याच्या दारावरच हुकूम रंगवलेला होता: आत विस्तव, विडी, चिलीम नेऊ नये. मी तो मोठ्यानं वाचला. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा. आवाज मला जन्मतः मोठा आहे, त्या दिवशी त्याचं सार्थक झालं.

"मडकं टाकायला सांगा त्यांना," मास्तर म्हणाला.

"मडकं टाकलं तरी चिलमी आहेत, मास्तर. कमरेला चकमक आहे. आणि तुम्ही यांना या भुशावर बसवून बाहेरून खीळ मारणार. उद्या डबा पेटला तर खीळ कुणी मारली, हे मी छापणार. आजवर माणसं गुदमरली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही. रेल्वेचा डबा जळाला तर मात्र विचारतील."

हे ऐकून मास्तरनं माणसांकडे बघितलंच नाही, डब्याकडे बघितलं. मला त्याची चीड आली. पण चीड पुढच्या पत्रकासाठी राखून ठेवली.

"हे कोण?" त्यानं मुकादमाला विचारलं.

"बाजारात कागद वाटतो तो," मुकादम म्हणाला. "डोकं फिरलंय."

मास्तरनं टोपी काढून घाम पुसला आणि डबे जोडणाऱ्या खलाशाला म्हणाला, "तो जत्रेचा डबा जोडा."

डबा जोडला. लाकडी बाकं, दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि दाराची कडी आतून. टोळी आत गेली. काकी खालीच.

"विस्तव या डब्यातही चालणार नाही," मास्तर म्हणाला, आणि त्याचं चुकलं नव्हतं.

"मंग मी नाय जाव," काकी म्हणाली. लेक खिडकीतून बघत राहिली. एवढं मिळवलेलं एका मडक्यापायी जाणार असं वाटलं.

इंजिनाचा ड्रायव्हर एव्हाना खाली उतरून तमाशा बघत होता. कोळशानं तोंड काळं, दात तेवढे पांढरे. तो म्हणाला, "माई, इधर लाव. मेरे पास इतना आग है, तेरा थोडा और सही."

काकीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुज्या आगीत मिसलवू नको."

"नहीं मिलाएगा. अलग रखेगा, कोने में."

"आन फुंकर घाल मदी मदी."

"घालेगा, माई."

आणि विस्तव इंजिनावर चढला. मी तिकीट काढून टोळीच्या डब्यात बसलो. गाडी सुटली तशी खिडक्यांतून वारा आत घुसला. आयुष्यात पहिल्यांदा मला रेल्वेचा वारा आवडला. बाळ सगळी वाट रडत होतं. इतकं रडणं इतक्या लोकांनी इतक्या आनंदानं ऐकलेलं मी पाहिलं नाही. जरा गप्प झालं की कुणीतरी त्याला हलवून बघायचं, की पुन्हा सुरू.

उतरल्यावर ड्रायव्हरनं मडकं दोन्ही हातांनी खाली दिलं. काकीनं राख सारली, फुंकर घातली. निखारा लाल झाला. कुरणावर चूल पेटली तेव्हा मुकादम विडी घेऊन पुढे आला आणि वाकला.

"काडी नाय तुज्याकडं?" काकी म्हणाली.

त्याला बराच वेळ वाकून राहावं लागलं. मग तिनं दिला. विस्तव मागितला तर नाही म्हणायचं नसतं, हीही त्या पाड्याची रीत. मला म्हणाली, "बग दादा, इस्तव हाय, पोर हाय."

"वारापण होता, काकी."

"व्हता," ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतर खोडाळ्याकडची टोळी उतरली, मग जव्हारकडच्या दोन. मी प्रत्येक वेळी स्टेशनवर हजर. प्रत्येक टोळीच्या पुढे एक बाई, तिच्या डोक्यावर मडकं. मडकं दिसलं की मास्तर मला काही न विचारता खलाशाला हाक मारायचा आणि जत्रेचा डबा जोडला जायचा. त्यांतल्या एका मडक्यात मी डोकावून बघितलं. नुसती गार राख होती. मडकेवाली माझ्याकडे बघून हसली, आणि आतून कडी लावून खिडकीशी बसली.